देखण्या घरांचे चित्रपट : नेपथ्य, कलादिग्दर्शन की आणखी काही?

माळवद :
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या वसाहतीतल्या चित्रपट मंडळात पुढचे काही रविवार फक्त देखण्या घरांचे चित्रपट दाखवायचं ठरलंय. देखण्या नटनट्यांचे नव्हे, घरांचे. वाडे, कोठे, महाल, अगदी एखादी साधी खोलीसुद्धा. पत्रकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडला आहे. मी मथळा दिला ‘नेपथ्य बघावं असे चित्रपट’. एका ज्येष्ठ सभासदांनी त्यावर लाल फुली मारली : नेपथ्य नाटकाचं, सिनेमाचं नाही. ‘कलादिग्दर्शन’ लिहिलं तर तरुण मंडळी म्हणतात तो जुना शब्द झाला, आता ‘प्रॉडक्शन डिझाइन’ म्हणायचं. ‘अंतर्गत सजावट’ लिहून पाहिलं, तर पत्रक फर्निचरच्या दुकानाचं वाटायला लागलं.

तर प्रश्न दोन. या सगळ्याला एक धड मराठी शब्द आहे का? आणि तुमच्या यादीत कोणते चित्रपट आहेत?

तिसरी घंटा :
फुली मारणाऱ्या काकांना सांगा, प्रकरण इतकं सरळ नाही. संस्कृतात नेपथ्य म्हणजे मुळात नटाचा वेष, साजशृंगार. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, म्हणते की सर्वांगाचं सौष्ठव दिसावं म्हणून पात्रांना ‘विगतनेपथ्य’ येऊ द्या. म्हणजे जड वेष उतरवून. खांब आणि कमानी उतरवून नव्हे. हा वेष जिथे चढवायचा ती पडद्यामागची जागा तीही नेपथ्यच, म्हणून संहितेत ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की आवाज आतून येतो.

मराठीत वेषाचा अर्थ गळाला, त्याला वेशभूषा हा वेगळा शब्द रुळला. मागच्या जागेचा अर्थ उरला, सजलेल्या रंगमंचाचा नवा आला, आणि हे दोन मात्र एकमेकांच्या उलट्या दिशांना गेले. ‘ते कायम नेपथ्यात राहिले’ म्हणतो तेव्हा मागची, न दिसणारी जागा. नाटकाच्या जाहिरातीत ‘नेपथ्य : प्रदीप मुळ्ये’ असं छापतात तेव्हा पडदा वर जाताच जे आधी दिसतं ते. जो शब्द अंगावरून भिंतीवर आला, त्याला रंगमंचावरून रुपेरी पडद्यावर यायला कोणाची परवानगी लागते? व्युत्पत्तीच्या नावाने हरकत घेता येणार नाही.

वापराच्या नावाने मात्र घेता येते, आणि मी घेईन. मराठी कानाला नेपथ्य म्हटलं की एक बाजू उघडी असलेली खोली दिसते. तीन भिंती, मधे सोफा, एका अंगाला आत जायचं दार, मागच्या खिडकीत रंगवलेलं आभाळ. द. ग. गोडसे काय, दामू केंकरे काय, मोहन वाघ काय, या सगळ्या नेपथ्यकारांनी काम केलं ते समोर बसलेल्या प्रेक्षकाला धरून. पहिली रांग आणि बाल्कनीची शेवटची रांग, दोघांनाही दिसलं पाहिजे असं. सिनेमात कॅमेरा त्या खोलीत शिरून सोफ्यामागे जातो, टेबलावरच्या चष्म्यापर्यंत जातो. तिथे नेपथ्य म्हटलं की मला ते बांधकाम हलतंय असं वाटतं.

चौथा मजला :
+१. मालिकांच्या बाबतीत मात्र नेपथ्य म्हणायला हरकत नाही. तिथे खोलीला खरंच तीनच भिंती असतात आणि सगळं कुटुंब सोफ्याच्या एकाच बाजूला उभं असतं.

कडीपाट :
तिसरी घंटा यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ (१९५६) घ्या. बनारसमधलं अपूच्या वडिलांचं, हरिहरचं बिऱ्हाड, मधे चौक. घाट खरे, गल्ल्या खऱ्या, पण तो चौक कलादिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेला आहे. तिथल्या उंच घरांच्या चौकात ऊन थेट उतरत नाही. वरून झिरपलेला उजेड येतो आणि त्याला धारदार सावली नसते. स्टुडिओतले दिवे लावले की एकेका माणसाला दोन-दोन सावल्या, म्हणजे सोंग उघडं पडलंच. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकाच्या माथ्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. तिथून परतून खाली आलेला उजेड आभाळाचा वाटला. चौक खरा वाटतो तो भिंतींमुळे जितका, तितकाच त्या कापडामुळे.

आता गंमत बघा. दोन वर्षं खपून मोहन स्टुडिओत उभारलेला ‘मुघल-ए-आझम’चा (१९६०) शीशमहल, कलादिग्दर्शक एम. के. सय्यद. दीडशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद, पस्तीस फूट उंच, काच बेल्जियमची. सेट तयार झाला आणि दिवे लावले, तर प्रत्येक आरशाच्या तुकड्यात एकेक दिवा डोळे वटारून बघायला लागला. चित्रणच होईना. शेवटी छायालेखक आर. डी. माथुर यांनी कापडाच्या पट्ट्यांवरून उजेड परतवून घेतला. एकीकडे बनारसचं बिऱ्हाड, दुसरीकडे अकबराचा दरबार, आणि दोन्हीकडे अब्रू राखली कापडाने.

म्हणून माळवद, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर थोडं तिरकं आहे. हे कापड कोणाच्या खात्यात टाकाल? नेपथ्य म्हणाल तर ते पडद्यावर दिसतच नाही. प्रकाशयोजना म्हणाल तर ते नसतं तर महालही नसता. यासाठी एक शब्द हवा असेल तर तो भिंतींचा नको, सगळ्या वास्तूचा हवा.

अवांतर : आजोळी ‘छत’ म्हणजे कडीपाटाखाली ताणून बांधलेलं कापडच. वरची माती जेवणाच्या ताटात पडू नये म्हणून. स्लॅबच्या खालच्या अंगाला आपण छत म्हणायला लागलो ते नंतर. सुब्रत मित्रांनी चौकाला छत लावलं, हे वाक्य आजीला अगदी बरोबर कळलं असतं.

सोप्यावरचा :
कोल्हापूरचा उल्लेख अजून कसा नाही? आमच्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. आनंदराव आणि बाबूराव हे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून पेंटर. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, प्रवेश बदलला की नुसता पडदा बदलायचा. आणि ज्याचा हात पडदे रंगवण्यात तयार झाला, त्याच माणसाने महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘सैरंध्री’पासून (१९२०) पुढे रंगवलेले पडदे मागे सारून खोलपणा असलेले, ज्यात शिरून फिरता येईल असे सेट आणले. लोकमान्यांनी ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते यांनाच. त्यांच्या हाताखालून फत्तेलाल आले, पुढे ‘प्रभात’चं कलाखातं त्यांनी सांभाळलं.

तेव्हा माझं मत ‘कलादिग्दर्शन’ला. शब्द जुना झाला म्हणे! कामाला शोभतो. फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) उभं केलेलं तुकोबांचं घर बघा. त्यात कला म्हणून बोट दाखवावं असं काही नाही, आवलीचा राबता दिसतो फक्त. ‘कुंकू’मधलं (१९३७) काकासाहेबांचं, म्हणजे म्हाताऱ्या नवऱ्याचं, घर त्याच्या उलट. लंबकाचं घड्याळ, आरसा, एकेक वस्तू कामाला जुंपलेली.

माळवद :
सुंदर माहिती, सगळ्यांचे आभार. कडीपाट, ‘वास्तू’ डोक्यात आलं होतं, पण लोकांना वास्तुशांत आठवेल. आणि तरुण मंडळींचा ‘प्रॉडक्शन डिझाइन’चा हट्ट? कलादिग्दर्शनापेक्षा ते वेगळं आहे का, की नुसतं नवं लेबल?

रीळवाला :
वेगळं आहे, पण आपल्याकडे दोन्ही गोष्टी बरीच वर्षं एकच माणूस करत आला. हॉलिवुडात ‘प्रॉडक्शन डिझाइन’चं श्रेय पहिल्यांदा मिळालं विल्यम कॅमेरॉन मेन्झीस यांना, ‘गॉन विथ द विंड’साठी (१९३९). सगळ्या चित्रपटाचा रंग, पोत, एकेका दृश्याची चौकट आधी कागदावर आखून देणारा तो डिझायनर. कलादिग्दर्शक त्याच्या हाताखाली ते उभं करून घेतो. ऑस्करने ‘आर्ट डायरेक्शन’ या वर्गाचं नाव बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ केलं ते थेट २०१२ साली. तिथे बाहुली दोघांत जाते, दुसरा मान खोलीतल्या वस्तू मांडणाऱ्याचा. त्या दुसऱ्या माणसाला आपल्या श्रेयनामावलीत ठरलेला मराठी शब्द नाही, आणि मला वाटतं गोंधळाचं मूळ तिथेच आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’, चारही कलादिग्दर्शनाचे. ‘देवदास’मधलं पारोच्या घराचं रंगीत काचकाम आठवत असेल. आपण सरसकट ‘काय सेट होता’ म्हणून मोकळे होतो.

बाकी सेटवर यातलं एकही भारदस्त नाव ऐकू येत नाही. तिथे असतात ‘आर्टवाले’. सेट लागतो, सेट मोडतो. दिवे ठेवायच्या वरच्या माच्याला तराफा म्हणतात. आर्टवाल्यांचं खरं कसब बघायचं असेल तर नवी भिंत जुनी करताना बघा. नुसता मळकट रंग फासला तर ती घाणेरडी दिसते, जुनी दिसत नाही. दिव्याच्या बटणाभोवती हात लागून लागून पडलेला काळपट गोल, देवळीच्या वर काजळीचा निमुळता होत गेलेला पट्टा, बाकड्याच्या मागे माणसाच्या उंचीच्या हिशेबाने तेलकट डोक्यांचे डाग. एका मुकादमाने मला सांगितलं होतं, आधी विचार कर या घरात कोण कुठे टेकतं, मग ब्रश उचल. याला तुम्ही सजावट म्हणाल? सजावट वस्तू वाढवते. हे तर घरात माणसं राहून गेल्याचं दाखवतं.

तिसरी घंटा :
‘कोण कुठे टेकतं’ हे आवडलं. याच न्यायाने ‘चारुलता’ (१९६४) यादीत पहिली टाका. तेही घर बंसी चंद्रगुप्तांचंच, स्टुडिओतलं. फुलाफुलांचा भिंतीचा कागद, जड पलंग, पुस्तकांची कपाटं, झडपांच्या खिडक्या. सुरुवातीला चारू हातात दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत रस्त्यावरची माणसं बघत फिरते, संवाद जवळजवळ नाहीच, आणि तेवढ्यात घर किती मोठं आहे आणि बाई त्यात किती एकटी आहे हे दोन्ही कळतं. इतक्या वर्षांत ‘चारुलता’चा सेट काय भारी आहे असं म्हणणारा मला भेटला नाही. सेट हा शब्द आपण तो दिसला तरच वापरतो. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) बघताना प्रत्येक जण वापरतो. कनू देसाईंनी तिथे रंगांची दिवाळी केली आहे आणि ती लपवायचा त्यांचा इरादाच नाही. दोन्ही आवडतात, पण दोन्हींना एकच ‘नयनरम्य’ लावणं म्हणजे आळस.

चौथा मजला :
आणि ज्यांनी सेट लावलाच नाही त्यांचं काय? ‘तुंबाड’चा (२०१८) वाडा म्हणजे सासवडचा पुरंदरे वाडा. तो तर आधीपासून उभा आहे. कलादिग्दर्शकाने तिथे काय केलं?

रीळवाला :
निवडला. मग त्यात काय ठेवायचं, काय झाकायचं आणि कुठल्या खोलीत उजेड येऊ द्यायचा नाही ते ठरवलं. खऱ्या वाड्यात विजेच्या तारा असतात, नळ असतात, कोणीतरी चिकटवलेली दिनदर्शिका असते. काढून टाकणं हे आर्टवाल्यांचं निम्मं काम.

कडीपाट :
अजून एक राहिलं. पत्रकात ‘शीशमहल’ लिहाल तेव्हा कंसात ‘आरसेमहाल’ लिहायला हरकत नाही. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता, पेशव्यांच्या कागदांत नाव आहे. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) दाखवणार असाल तर तिथे ‘आईना महल’ म्हणतात, पण आपण मराठीत लिहिताना ते का गिरवायचं?

माळवद :
ठरलं. मथळा : ‘घर बघावं असे चित्रपट’. प्रत्येक चित्रपटाखाली श्रेय द्यायचं ते ‘कलादिग्दर्शन’ म्हणून, कारण तिथे काम करणाऱ्याचं नाव छापायचं आहे आणि यांतल्या बहुतेकांना तो मान याच शब्दाने मिळाला. ‘नेपथ्य’ नाटकवाल्यांना साभार परत. पहिला रविवार ‘चारुलता’, मग ‘कुंकू’, ‘मुघल-ए-आझम’, आणि शेवटी ‘तुंबाड’, लहान मुलांना घरी ठेवून.

तिसरी घंटा :
मथळा चांगला आहे. परत केलेलं नेपथ्य मिळालं, ही पोच समजावी. फक्त एक करा, ‘चारुलता’च्या ओळीत ‘भव्यदिव्य’ घुसवू नका. काका बहुतेक घालतीलच.