१९४१ कॅडिलॅक सिक्स्टी स्पेशल: ‘मूळ रंग’ कसा तपासायचा

जुनी गाडी विकण्याच्या जाहिरातीतल्या ‘ओरिजिनल पेंट’वर (कारखान्यातूनच आलेल्या रंगावर) विसंबू नका. कॅडिलॅक बनवणारी जनरल मोटर्स तेव्हा नायट्रोसेल्युलोज लॅकर (थिनरमध्ये पुन्हा विरघळणारा रंग) मारत असे. डिकीच्या आतल्या कडेला, मालकाला विचारूनच, लॅकर थिनरचा बोळा हलकेच फिरवा. लॅकर असेल तर रंग कापडावर उतरतो. मात्र नंतर कोणी लॅकरच मारला असेल तर तोही उतरेल, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) बॉडी प्लेटवर पेंट नंबर असतो, तो गाडीच्या रंगाशी जुळवा. दाराचं रबर उचलून खाली दुसरा रंग डोकावतोय का पाहा. रंगाची जाडी मोजताना एखादंच पॅनल अचानक दुप्पट-तिप्पट भरलं तर तिथे पुन्हा रंग मारलाय किंवा पुट्टी भरलीय समजा. बारीक भेगा असल्या तर असू द्यात, पण कडांना प्रायमर दिसत असेल तर बफिंग मशीनने रंग खाल्लाय, तो परत येत नाही.