वरंध घाट–रायगड–प्रतापगड, गाडीने, आईबाबांसोबत: सल्ला हवाय

भटकभवानी:
मंडळी, डिसेंबरात पुण्याहून भोर, वरंध घाट, रायगड, आंबेनळी घाट, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई असा फेरा मारायचाय. दोन रात्री. आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाचं वेड. गाडी मीच चालवणार, घाटाचा अनुभव खंबाटकीपुरता. काय गाळू?

घाटमाथा:
महाबळेश्वर गाळा. डिसेंबरात तिथे गर्दीच बघाल. ती रात्र रायगडाच्या पायथ्याला पाचाडला काढा.

भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने जाता, तोवर मजा. पुढे रस्ता अरुंद. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहा, सारखा ब्रेक दाबू नका. पहिल्या खेपेला माझ्या ब्रेकना जळका वास यायला लागला होता, अर्धा तास गाडी थांबवून बसलो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी भजी खा, पण गाडीच्या काचा बंद ठेवून, माकडं सराईत आहेत. पेट्रोल भोरलाच भरा आणि अंधाराच्या आत महाड गाठा.

रायगडावर सकाळच्या पहिल्या रोपवेने जा. तरी आईंना सांगून ठेवा, रोपवे चढणच वाचवतो. नगारखान्यापासून बाजारपेठेतून जगदीश्वरापर्यंत चालावंच लागतं. बाबांना देवळाची पायरी दाखवा, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर', म्हणजे ज्यांनी गड बांधला ते. माझ्या लेखी अख्ख्या गडावरचं सगळ्यात देखणं वाक्य. आईंना फार चालवत नसेल तर त्यांनी राजसदरेपाशी बसावं. खाली पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे गाडी जवळ जाते. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक आणि १७ जूनला त्या गेल्या. तिथे उभं राहिलं की हे अकरा दिवस आठवतातच.

कोकणी_माणूस:
महाडात चवदार तळं (बाबासाहेबांचा १९२७ चा सत्याग्रह) आणि हायवेलगतची गांधारपाले लेणी विसरू नका. लेण्यांना पायऱ्या आहेत, आईंनी खालीच थांबावं. पोलादपुरात 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे, बाबा खूश होतील.

भटकभवानी:
बाबा आत्ताच खूश झालेत! प्रतापगडाला गाडी कुठवर जाते?

घाटमाथा:
पायथ्याच्या वाहनतळापर्यंत. पुढे पायऱ्या. आईंना जमेल तितकंच, निदान भवानीमातेच्या देवळापर्यंत तरी. तिथून वाईला उतरताना पसरणी घाट, तो वरंधापुढे काहीच नाही. वेळ उरला तर मेणवलीचा कृष्णेकाठचा घाट बघा. तिथली मोठी घंटा वसईहून आणलेली, पोर्तुगीजांची.