मदत हवी आहे: नारळाचा पॉइंट धरू का तारेचा? परवा गाडी येतेय

कोरडी_मोट: तातडीचं आहे. रानात बोअरची जागा दाखवायला दोन पाणाडे आणले होते. पहिला तळहातावर नारळ घेऊन फिरला, खालच्या बांधाला चिंचेजवळ नारळ उभा राहिला. दुसऱ्याच्या तांब्याच्या तारा तिथं हलल्या पण नाहीत. त्यानं दीडशे पावलं वर, माळाच्या अंगाला चुन्याची खूण केली. दोघंही म्हणतात साडेतीनशे फुटांत तीन इंच पाणी. बोअरची गाडी परवा सकाळी येणार, ॲडव्हान्स दिलाय. कोणता पॉइंट धरू? अनुभव असणाऱ्यांनीच सांगा.

गोदाकाठ: तालुका कोणता भाऊ? शेजाऱ्याला पाणी किती फुटांवर लागलं? रानात विहीर आहे का? हे काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार.

उंबराची_काडी: तिसरा पाणाड्या आणा, तोही पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला. आमचे आजोबा पायाळू होते. उंबराची दुबेळकी काडी घेऊन अनवाणी चालायचे. माझं बोअर त्यांनीच दाखवलं, १८० फुटांवर पाणी. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली सुद्धा आटलं नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पाणी शोधायचा अख्खा अध्याय आहे, झाडं आणि वारुळं बघून. आपल्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं.

निवृत्त_गुरुजी: झाड बघणं वेगळं आणि नारळ उभा राहणं वेगळं. उंबर हिरवागार असेल तर खाली ओल असू शकते, हे मान्य. पण तार हलते ती मनगटाच्या नकळत हालचालीनं. कार्पेंटर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८५२ मध्येच ते मांडलं. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ ला एका कोठारात ४३ पाणाड्यांची परीक्षा झाली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचे, वरच्या मजल्यावर यांनी जागा ओळखायची. घेणाऱ्यांनी काहींना जमतं असं म्हटलं, पण आकडे पुन्हा तपासले तेव्हा एकदा बरोबर आलेला माणूस पुढच्या खेपेला चुकलेला दिसला. तुमच्या दोघांचा एकमेकांशी मेळ नाही, हीच परीक्षा समजा.

उंबराची_काडी: सर, पाइपातलं पाणी आणि जमिनीतला झरा एक नाही. आजोबांनी गावात किती विहिरी दाखवल्या ते गावात येऊन बघा.

निवृत्त_गुरुजी: किती दाखवल्या आणि किती कोरड्या गेल्या, दोन्ही लिहून ठेवलंय का कुणी? कोरडी गेलेली कुणी मोजत नाही.

साडेसात_एचपी: तीन इंच पाणी लागलं तर पाचची मोटर घेऊ नका. केबल जाड घ्या, होल्टेज पडतं आणि वाइंडिंग जळतं. माझ्या दोन जळाल्या.

कोरडी_मोट: मोटरचं नंतर बघू. तालुका घनसावंगी. मोसंबीची साडेतीनशे झाडं आहेत, सहा वर्षांची, आंब्या बहार धरलाय. आधी दोन बोअर फेल गेलेत, ४८० आणि ६१० फूट. विहीर आहे ५२ फूट, जानेवारीत तळ दिसतो. आता सांगा, चिंच का माळ?

खडकवाचन: दोन फेल बोअर हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं दादा, सगळ्यात कामाची माहिती तीच. कोणत्या फुटावर काय निघालं?

कोरडी_मोट: पहिल्या ३०-४० फुटांत मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे मऊ छिद्राछिद्रांचा खडक. नव्वदच्या आसपास लाल गेरू निघाला, त्याच्या जरा वर ओल आली होती. पुढं शेवटपर्यंत काळा पाषाण, नुसता फुफाटा. दुसऱ्यालाही जवळपास तसंच.

खडकवाचन: मग दोन्ही पाणाड्यांचा साडेतीनशेचा आकडा सोडून द्या. आपला खडक बेसाल्ट, लाव्हाचे थर एकावर एक. पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या, भेगाळ भागात आणि दोन थरांच्या सांध्यात. गेरू चिकट असतो, पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून तुमची ओल त्याच्या वर होती. अखंड पाषाणात भेग सापडली तर सापडली, आणि तुमच्या रानात तो पाचशे फूट कोरडा निघालाय. माळावर मुरूम पातळ, तिथं मारूच नका. चिंचेची जागा उताराला आहे म्हणून बरी, नारळामुळे नव्हे. आणि शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांखाली बोअर घ्यायला महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं बंदी आहे.

गोदाकाठ: कायदा कोण पाळतंय हो, एजंट सांगतच नाही. पण त्यांचं बरोबर आहे. मी आठशे फुटापर्यंत गेलो होतो, कर्ज अजून फिटलं नाही. नंतर जुन्या विहिरीचा गाळ काढला आणि आत चार आडवी बोअर मारली, मांजऱ्याच्या थरात, शंभर-शंभर फूट. मार्चपर्यंत पाणी पुरतंय.

निवृत्त_गुरुजी: जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेत अर्ज करून सर्व्हे मागा. खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडतात आणि रोध मोजतात. ओल्या थराचा रोध कमी, कोऱ्या पाषाणाचा जास्त. चिकणमाती सुद्धा कमी रोध दाखवते, म्हणून वाचणारा जाणकार हवा.

आई_शेतकरी: ती दोन फेल बोअर झाकली का? आमच्या वस्तीवर उघड्या केसिंगपाशी पोरं खेळताना मी स्वतः बघितली, अजून अंगावर काटा येतो. बंद पडलेलं बोअर बुजवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानंच २०१० मध्ये सांगितलंय. आज झाकण लावा, बाकीचं उद्या.

कोरडी_मोट: एकावर दगड ठेवलाय, दुसऱ्यावर पोतं. आज संध्याकाळी दोन्हीला लोखंडी झाकण बसवतो ताई. गाडी रद्द केली तर ॲडव्हान्स बुडतो, आणि वडील म्हणतात चिंचेजवळ मारायचंच. त्यांना दोनशे फुटांवर थांबायला राजी केलंय. गेरू लागला की तिथंच थांबवू का अजून थोडं जाऊ?

खडकवाचन: गेरूच्या वर पाणी लागलं तर तिथंच थांबा. नाही लागलं तर गेरू ओलांडून पुढच्या थराचं डोकं बघा, ते कधी कधी भेगाळ असतं. गाडीजवळ स्वतः उभे राहा आणि दर दहा फुटाला निघालेला चुरा वेगळ्या पिशवीत ठेवा.

कोरडी_मोट: ठेवतो. गोदाकाठ भाऊ, आडवं बोअर मारणाऱ्याचा नंबर मेसेज करा. आणि विहीर कोरडी असतानाच मारायचं ना ते? कारण आत्ता तळाला गुडघाभर पाणी आहे.