नाताळ मराठी माणसाचा सण नाही म्हणे!

शेवगावकर:
परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी लिहिलं, "ख्रिस्ती व्हायचं तर खुशाल व्हा, पण मग मराठी संस्कृतीवर हक्क सांगू नका. नाताळ आपला सण नाही." खाली शाबासकी देणाऱ्यांची रांग लागली होती. उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी आजी जन्मभर नऊवारी नेसली. नाताळच्या आदल्या रात्री करंज्या तळताना ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची पदं म्हणायची आणि झाऱ्यानं कढईच्या काठावर ठेका धरायची. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. ही बाई मराठी नव्हती?

गोव्यात राहिलेल्या इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 चं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधीचं, आणि तेही ओवीत. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं. छापखान्यात कामाला आश्रमातल्याच बाया. काका बाप्टिस्टा माझगावचे, लोकमान्यांचे सहकारी, 1916 मध्ये होमरूल लीगचे अध्यक्ष. आणि 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाचा आधी धर्म काढला गेला. आम्ही अजून किती पिढ्या पुरावे द्यायचे?

सडेतोड:
तुमच्या आजीबद्दल कुणी बोललं नाही. पण स्टीफन्सचं नाव घेताना अर्धंच सांगू नका. त्याच गोव्यात पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय चाललं, पोथ्या जाळल्या. 1684 मध्ये व्हाइसरॉयनं कोकणी बोलण्यावरच बंदी आणली. आणि नगर जिल्ह्यातली धर्मांतरं? दुष्काळात धान्य वाटून झालेली. हा इतिहास गिळून आम्ही नाताळ आपला म्हणायचा?

वसईवाली:
पोर्तुगीजांचा हिशेब आमच्याकडून का मागता? आम्ही कुपारी, वसईकडचे ख्रिस्ती. सामवेदी बोलतो, केळीच्या बागा करतो, लग्नाची गाणी आमच्या बोलीत. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो, आणि तो आपल्याच लोकांचा. मुलं इंग्रजी शाळेत, मग चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासनाही, इंग्रजी हवी. नातवाला सामवेदीत हाक मारली तर तो आईकडे बघतो. बाहेरचा कुणी आपली भाषा हिरावत नाहीये, आपणच सोडतोय.

पाथर्डीचा:
शेवगावकर, सलाम. तुमची यादी वाचली. टिळक चित्पावन, रमाबाई चित्पावन. बाकीचे आपण? नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती बहुतेक महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आले. मोठ्या घरचं नाव पुढे केल्याशिवाय आपल्याला मराठी म्हणवून घेता येत नाही का?

आणि सडेतोड, धान्यासाठी आले म्हणता. आले असतील. उपाशी माणसाला गावानं काय दिलं होतं? विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता.

आता आजचं सांगतो. माझे चुलते हिंदू मातंग, त्यांना अनुसूचित जातीचा दाखला. आम्ही ख्रिस्ती, आम्हाला ओबीसी. भिंत एक, नळ एक, गावानं ठेवलेलं नावही एकच. पोळ्याला बैल वेशीतून पुढे का काढला म्हणून वडिलांना आणि चुलत्यांना एकाच काठीनं मारलं. चुलत्यांची फिर्याद अॅट्रॉसिटीत गेली, वडिलांची साध्या मारहाणीत. अनुसूचित जातीत कोण हे ठरवणारा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश काढून वाचा. तिथे धर्म बघतात. काठी मारणाऱ्यानं धर्म विचारला नव्हता.

सडेतोड:
तुमच्या धर्मात जात नाही ना? मग जातीचा दाखला कशाला? दोन्हीकडून खायचं चालणार नाही. हवा असेल तर परत हिंदू व्हा.

बोधीवृक्ष:
सडेतोड, जरा जीभ आवरा. बाबासाहेबांनी 1956 ला दीक्षा दिली आणि त्याच वर्षी शिखांचा त्या आदेशात समावेश झाला. बौद्धांचा झाला 1990 ला. चौतीस वर्षं! आम्हालाही हेच ऐकवायचे, "धर्म बदललात ना, मग आता काय?"

पण पाथर्डीकर, एक मनातलं बोलतो. आमच्या वस्तीत भीती आहे की आरक्षणाचा वाटा तेवढाच राहील आणि खाणारी तोंडं वाढतील. मिशनच्या शाळा-दवाखाने तुमच्याकडे होते, आमच्याकडे नव्हते.

पाथर्डीचा:
मिशनची शाळा होती, मान्य. माझा बाप त्याच शाळेत शिपाई होता.

वाटा वाढवून मागूया, तुमच्या ताटातला नको. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्येच सांगितलं की अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नका. 2022 ला त्याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग, आमच्या पोरांची वयं निघून गेली.

आणि सडेतोड, ख्रिस्ताच्या शिकवणीत जात नाही. मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, आहे. माझ्या बहिणीची सोयरीक ठरत आली होती. मुलगा शिक्षक, देणंघेणं नाही, दोन्ही घरं तीन पिढ्यांची ख्रिस्ती. बैठकीत मुलाच्या मावशीनं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पण तुम्ही मूळचे कोण?" वडिलांनी खरं सांगितलं. ती माणसं महारांतली, आम्ही मांगांतले. मोडलं. पुढच्या रविवारी पाळकांनी दोन्ही घरांना एकाच पेल्यातून प्रभुभोजन दिलं. माझी बहीण मान खाली घालून प्याली. हे मी हिंदूंना विचारत नाही, आपल्या पाळकांना विचारतो.

शेवगावकर:
धागा नाताळचा होता. आपल्या घरातलं असं चव्हाट्यावर आणलं की सडेतोडसारख्यांना आयतं कोलीत मिळतं.

पाथर्डीचा:
कोलीत माझ्या बहिणीच्या हातावर ठेवलं होतं, तेव्हा गप्प कोण होतं? तुम्ही संस्कृती म्हणताय, तेव्हा सगळ्यांना करंज्या आठवतात. बशी खाली ठेवणारी मावशीपण मराठी संस्कृतीच आहे.

सडेतोड:
दाखल्याचं मला अजून पटलेलं नाही, पटणारही नाही. "परत हिंदू व्हा" हे बोलायला नको होतं, तेवढं मागे घेतो. नाताळ करा तुम्ही, मराठीत करा.

बोधीवृक्ष:
तुमच्या परवानगीसाठी कुणी थांबलं नव्हतं.

शेवगावकर:
पाथर्डीकर, दोन दिवस उत्तर दिलं नाही. आजी कुठल्या वाड्यातली हे मी लिहिलं नव्हतं. मांगवाड्यातलीच. घरात हा विषय काढायचा नाही असा वडिलांचा दंडक होता, आणि मी तो पन्नाशीपर्यंत पाळला. टिळकांचं नाव मी सोडणार नाही, ती पदं आजीच्याच तोंडून शिकलोय. पण यादीत तिचं नाव आधी हवं होतं. येत्या मंडळीच्या सभेत बहिणीचा विषय काढणार असाल तर कळवा, मी येतो.