किडनी द्या, हे घरात कसं विचारलंत? अनुभव सांगा

आमचं गाव आर्वी तालुक्यात. यजमानांचं डायलिसिस सुरू होऊन सव्वा वर्ष झालं. आठवड्यातून दोनदा वर्ध्याला जायचं, चार तास मशीनवर, घरी यायला दिवेलागण. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव लावलंय, पण डॉक्टर म्हणाले, घरातून कोणी देणारं असेल तर बघा. मी तयार होते. माझा रक्तगट बी, त्यांचा ओ. जमलं नाही. दोन दीर आहेत. एकाच अंगणात राहतो आणि सहा महिने या विषयावर कोणी बोलत नाही. तपासण्या, औषधं डॉक्टर सांगतात. मला घरातलं ऐकायचंय. कोणी विचारलं, कुठे विचारलं, मग काय झालं? ज्यांनी नाही म्हटलं त्यांनीही लिहा.

वरुडकडचा संत्रावाला

चार वर्षं झाली मशीनवर. सातशे झाडांची बाग आहे आणि संत्र्याची फोड तोंडात टाकायची सोय नाही. पोटॅशियम वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो. भाजीसुद्धा चिरून पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकायचं. हे अंगवळणी पडलं. पण आजार कळला तसा धाकटा भाऊ माझ्या धुऱ्यावरून यायचा बंद झाला, लांबच्या पांदणीनं जायचा. मला वाटलं, रुसला. नंतर कळलं, मी मागीन म्हणून भ्यायला होता. निरोप धाडला, 'मी मागत नाही, तू ये.' आला. बराच वेळ ठिबकच्या नळ्यांचंच बोलत बसला. अजूनही मी मागितलेली नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाहीच.

दर्यापूरकडची आजी (आजी बोलते तसं लिहून घेतलंय, मी नात)

मले कोनं विचारलंच नाई. पोरगा सुजून खाटेवर पडेल, सून रडे. म्या म्हनलं, माही घ्या. तो आयकेच ना. मंग म्या दोन दिवस जेवली नाई, तवा कबूल झाला. त्याच खारपानपट्ट्यातलं पानी पिऊन माह्या किडन्या चांगल्या अन् त्याच्या खराब, हे कोडं डॉक्टरलेई सुटलं नाई. दवाखान्यात कॅमेऱ्यापुढं बसवलं. पैसे देल्ले का कोनं, जबरदस्ती केली का? म्या म्हनलं, दूध पाजलं त्याचे कोनं देल्ले होते? पाचव्या दिवशी घरी आली. त्याले जलमभर गोया हायेत, मले एक बी नाई.

आजी सांगत नाही ते मी सांगते. ऑपरेशनपेक्षा कागदांनी दमवलं. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. मायलेकाचं नातं सिद्ध करण्यात दोन महिने गेले. आणि गोळ्या नसल्या तरी वर्षाची तपासणी आम्ही तिला चुकवू देत नाही.

एक बहीण

मला भावानं नाही, वहिनीनं विचारलं, फोनवर. भाकरी तव्यावर होती, ती जळाली. सासूबाई नको म्हणत असतानाही गेले, तर माझ्याच लघवीत प्रथिनं निघाली, म्हणजे माझी किडनी चालणार नव्हती. सुटले असं वाटलं, मग त्याची लाज वाटली. त्या दिवशी तपासणीला देणाऱ्यांच्या बाकावर आम्ही पाचही जणी बायकाच होतो.

यवतमाळकडचा चुलतभाऊ

अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा आणि त्याची 2011 ची दुरुस्ती बघा. आईवडील, भाऊबहीण, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं एवढेच जवळचे नातेवाईक. आम्हा चुलत्यामावशांच्या पोरांना प्राधिकार समितीपुढे उभं राहावं लागतं. मी राहिलो, मंजुरी मिळाली. ताई, पेशंट बी आणि देणारा ओ अशी दुसरी जोडी सापडली तर अदलाबदल कायद्यात बसते. पण अशी जोडी सहसा अदलाबदलीला येतच नाही, कारण ओवाला बीला सरळच देऊ शकतो. त्यांचा क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचं रक्त देणाऱ्याच्या पेशींवर उलटतं का ही तपासणी, फसला तरच येतात. आणि फोनवर कोणी 'दाता देतो' म्हणाला तर फोन ठेवा. विकणारा, घेणारा, दलाल, सगळ्यांना 5 ते 10 वर्षं आणि 20 लाख ते 1 कोटी दंड आहे.

नाही म्हटलेला भाऊ

दादानं नाही, आईनं विचारलं. वावरात कापूस वेचत होतो. मी म्हटलं, दोन पोरी आहेत, मजुरीवर घर आहे. ती काहीच बोलली नाही, माझ्या तासातला राहिलेला कापूस वेचू लागली. तीन वर्षं झाली, मीच दादाला गाडीवर सेंटरला नेतो. साध्या एसटीत डायलिसिसवाल्यांना तिकीट नाही, पण येताना त्याला चक्कर येते, धरायला माणूस लागतं. त्याला पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून मे महिन्यात मी त्याच्यासमोर पाणी पीत नाही. मागे बसून तो मला धरतो तेव्हा त्याच्या हातातल्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीची, भणभण सदऱ्यातून लागते. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, सांगता येत नाही.

पुन्हा मीच, आर्वीहून

सगळ्यांचं वाचलं. काल धाकटे भाऊजी चक्कीवरून दळण घेऊन आले. किडनीचं मी काढलं नाही, रक्तगट तेवढा विचारला. म्हणाले, 'मायत नाई वहिनी, तपासा लागन.' डबा ठेवला आणि घरी न जाता ओट्यावरच बसून राहिले.