रविवारी हॉल भरतो, पण शिष्य घडत नाहीत. कोणी वाट बदलली आहे का?

वास्कोचा सेवक

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही वास्कोत मराठी उपासना चालवतो. हॉल भाड्याचा. नाताळला खुर्च्या कमी पडतात, एरवी पन्नासेक माणसं. आरोग्य शिबिर, सुट्टीतली मुलांची शाळा, वर्षातून एक मोठी सभा, सगळं होतं. पण सात वर्षांत शास्त्र उघडून दुसऱ्याला समजावून सांगेल असं एकही माणूस आमच्यात तयार झालं नाही. मी तापाने पडलो की उपासना रद्द. समिती म्हणते, बाहेरून मोठा वक्ता आणू. माझं मन घेत नाही. शिष्य घडवण्याकडे आणि नव्या मंडळ्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे स्थानिक समुदाय, उभारण्याकडे कोणी वळलं असेल तर प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा. तत्त्वं मी पुष्कळ ऐकली आहेत.

फोंड्याची ताई

बायबलमधलं पौलाचं पत्र, दुसरं तीमथ्य २:२, एकदा बोटं मोजत वाचा. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती माणसं ज्यांना शिकवतील ते. एका वचनात चार पिढ्या. तुमची साखळी पहिल्या कडीलाच थांबली आहे, एवढंच मला दिसतं. बाकी बिर्लाकरदादांनी सांगावं, ते यातून गेले आहेत.

बिर्लाकर

दादा, तुमचं पत्र वाचताना मी मलाच पाहत होतो.

आमची सेवा झुआरीनगरची, सगळे बिर्लाच म्हणतात. चंदगड, बेळगाव, सावंतवाडीकडून आलेली माणसं. कोणी वेर्ण्याच्या कारखान्यात, कोणी बांधकामावर, बायका घरकामाला. आमच्या वार्षिक अहवालात शिबिरं किती, सभा किती, पुस्तकं वाटली किती, याचे आकडे असायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हॉलला कुलूप पडलं. मी एकेका घरी फोन लावले. प्रार्थना चालू होती ती फक्त एका खोलीत.

त्या घरातल्या बाईला आम्ही मावशी म्हणतो. ती कधी माईकसमोर उभी राहिली नव्हती. तिला वाचता येत नाही. रात्री भाकऱ्या झाल्या की शेजारच्या दोघींना बसवून येशूची एक गोष्ट सांगायची, आणि मग त्यांच्याकडून ती परत सांगून घ्यायची. चुकलं तर पुन्हा. मी इतकी वर्षं उपदेश केला, पण एकदाही कोणाकडून काही परत सांगून घेतलं नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

मत्तय २८ चा शेवट, येशूची शेवटची आज्ञा, मी तोंडपाठ म्हणायचो. मूळ ग्रीकमध्ये त्या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याच्या आधाराने येणारी धातुसाधितं. आम्ही जाण्यातच दमून जात होतो.

मग मोठी सभा बंद केली. समितीतले दोघे नाराज होऊन गेले, तेही सांगितलं पाहिजे. मी तीन माणसं धरली आणि मार्कचं शुभवर्तमान घेतलं, कारण सोळाच अध्याय आणि गोष्टी भराभर पुढे जातात. गुरुवारी रात्री साडेनऊला बसायचो, दुसरी पाळी सांभाळून. भाग वाचायचा, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचा, या आठवड्यात मी काय करणार ते बोलायचं, आणि कोणाला सांगणार त्याचं नाव घ्यायचं. पुढच्या गुरुवारी पहिला प्रश्न, केलंस का? पहिला महिनाभर सगळ्यांच्या माना खाली. माझीही.

चूक कुठे झाली? एक बोलका मुलगा होता. सहा महिन्यांत मी त्याच्या हाती गट दिला. तो उपदेश करू लागला, बायकांनी तोंड उघडणं सोडलं, गट विरला आणि मुलगाही यायचा थांबला. नवशिक्याला अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, करू नये, असं पहिल्या तीमथ्यात ३:६ ला स्पष्ट आहे. मी वाचलं होतं आणि तरी घाई केली. त्याच्या घरी मी अजून जातो.

वाचता न येणाऱ्यांची काळजी करू नका. फादर स्टीफन्सांचं ख्रिस्तपुराण, येशूची कथा सांगणारं मराठी काव्य, १६१६ मध्ये इथेच गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत, म्हणजे कानाने ऐकून मनात राहावं असं. मावशीच्या गटात आजही गोष्ट कानानेच पुढे जाते.

आज दोन घरांत मंडळी आहे. नुसता अभ्यासगट म्हणजे मंडळी नव्हे, हे मी आग्रहाने म्हणतो. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आपले वडील (मंडळी सांभाळणारे पुढारी), आपलं दान, एवढं आल्यावरच आम्ही तो शब्द वापरला. तिसरी आम्ही ठरवलीच नव्हती. पहिल्या तिघांतल्या एकाचं काम सुटलं, तो चंदगडकडे गावी परतला, आणि सुगीनंतर त्याचा फोन आला की रात्री सातजण बसतात. आमचा एक रुपयाही तिथे लागलेला नाही.

नगरचा, सध्या म्हापसा

मराठी मंडळीत हा प्रश्न जुना आहे. अमेरिकन मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आलं, शाळा आणि छापखान्यावर खूप बळ लागलं. १८५४-५५ मध्ये त्यांच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. मंडळीने आपला खर्च, कारभार आणि प्रसार स्वतः करावा, देशी पाळक असावेत, हे त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. पण त्या भरात इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली, ते नाही पटत. म्हणून दादा, आरोग्य शिबिर मोडू नका. माणूस आजारी आहे एवढं कारण पुरे.

बिर्लाकर

मान्य. आमचं शिबिर चालू आहे, फक्त तिथे नावं लिहून घेऊन उपासनेला बोलावणं थांबवलं. धान्य वाटतानाही तेच. आणि कॅथलिक शेजाऱ्यांची माणसं ओढायची नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

वास्कोचा सेवक

माझ्या डोळ्यांपुढे दोन नावं आली. एकजण हॉलच्या खुर्च्या लावतो, दुसरी चहा करते. त्यांना मी कधी काही विचारलंच नाही. या गुरुवारी तुमच्याकडे येऊन नुसता बसलो तर चालेल का?

बिर्लाकर

या, पण त्या दोघांना घेऊन या. गोष्ट मार्क ४ मधली पेरणाऱ्याची आहे. परत सांगायची पाळी तुमच्यावरही येईल.