गुडघ्याचे एसीएल पूर्ण तुटल्याचे निदान झाले आहे; शस्त्रक्रिया लगेच करावी लागेल का?

प्रश्न

नमस्कार. मी नियमित बॅडमिंटन खेळते. काही आठवड्यांपूर्वी स्मॅश मारून खाली उतरताना सगळा भार डाव्या पायावर आला, पाऊल जमिनीवर घट्ट रोवलेले राहिले आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. त्याच क्षणी आतून ‘कट्’ असा आवाज झाल्याचे जाणवले आणि तास-दोन तासांत गुडघा चांगलाच सुजला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. एमआरआयच्या अहवालात एसीएल (गुडघ्याच्या मध्यभागी मांडीचे व नडगीचे हाड जोडणारे लिगामेंट, म्हणजे मजबूत पट्टा) पूर्ण तुटल्याचे आणि आतल्या बाजूच्या एमसीएल या लिगामेंटला दुसऱ्या श्रेणीची (अर्धवट फाटल्याची) इजा झाल्याचे नमूद आहे. गुडघ्यातील दोन हाडांमधल्या गाद्या (मेनिस्कस) शाबूत आहेत. आता सूज बरीच उतरली आहे आणि सरळ चालता येते, पण एकदम वळले की गुडघा निसटल्यासारखा होतो आणि पाय अजून पूर्ण सरळ होत नाही. विश्रांती घेतली की लिगामेंट आपोआप जुळेल, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. तज्ज्ञांनी मात्र शस्त्रक्रिया सुचवली आहे. तुटलेले लिगामेंट खरोखर जुळते का, आणि हा निर्णय किती घाईने घ्यावा लागतो?

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)

घरच्यांचे म्हणणे तुमच्या एका लिगामेंटच्या बाबतीत बरोबर आहे. एमसीएल सांध्याच्या बाहेरच्या आवरणालगत असते, त्याला रक्तपुरवठा चांगला असतो, आणि दुसऱ्या श्रेणीची इजा ब्रेस (गुडघ्याला बांधायचा आधारपट्टा) व व्यायामाने बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते. एसीएल सांध्याच्या अगदी मध्यभागी, वंगणासारख्या द्रवाने वेढलेले असते. तिथे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि ज्या आधारावर नवी ऊती वाढायची तो आधारच तयार होत नाही. काही जणांच्या नंतरच्या एमआरआयमध्ये ते सांधलेले दिसते, हे खरे आहे. पण आपलेही तसेच होईल असे धरून केवळ बसून राहणे योग्य नाही.

मला तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘पाय पूर्ण सरळ होत नाही’ हे वाटते. शस्त्रक्रिया होवो वा न होवो, आजचे काम तेच आहे. पाठीवर झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काहीही नको, आणि पायाच्या वजनानेच गुडघा हळूहळू खाली जाऊ द्या. त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबा, पाच सेकंद धरून ठेवा आणि सोडा. हे करताना वाटीवर बोट ठेवून पाहा: स्नायू नीट आवळला गेला तर वाटी मांडीच्या दिशेने वर सरकते. ती सरकत नसेल, तर स्नायू अजून जागा झालेला नाही, असे समजावे. सुजलेल्या सांध्याकडून जाणारे संदेश या स्नायूला मिळणारी चालना दाबून टाकतात, म्हणूनच थोड्याच काळात मांडी बारीक झालेली दिसते. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय अनेकांना लागते. ती कृपया टाळावी, कारण त्याने गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो.

प्रतिसाद २ (अस्थिशल्यचिकित्सक)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र एक गोष्ट आधी तपासून घ्या. सरळ करताना गुडघा ताणल्यासारखा होऊन थांबतो, की आत काहीतरी अडकल्यासारखा अचानक अडतो? अडत असेल तर सरकलेली गादी किंवा एसीएलचे तुटलेले टोक मध्ये येत असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी व्यायामाने रेटण्याऐवजी लवकर दाखवणे आवश्यक असते. पोटरी सुजून दुखू लागली, किंवा पाऊल गार वा बधिर पडले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आता घाईविषयी. एसीएलच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत तुटलेली टोके शिवली जात नाहीत. स्वतःच्याच मांडीच्या मागच्या स्नायूंची किंवा वाटीखालची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरासारखा भाग) घेऊन दुर्बिणीद्वारे नवे लिगामेंट बसवले जाते. सूज असलेल्या आणि आखडलेल्या गुडघ्यावर ही शस्त्रक्रिया केली तर पुढे सांधा कायमचा ताठर राहण्याचा धोका वाढतो, त्यामुळे थोडे थांबण्यात नुकसान नसून बहुधा फायदाच असतो. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय व्यक्तींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्या गटाने आधी व्यायाम करून गरज पडल्यासच ती करून घेतली. दोन वर्षांनी रुग्णांनी स्वतः नोंदवलेल्या त्रासात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती.

तरीही तुमच्या बाबतीत माझा कल शस्त्रक्रियेकडे झुकतो, कारण बॅडमिंटनमध्ये सतत थांबणे, वळणे आणि उडी मारून उतरणे असते. गुडघा निसटतो तेव्हा दरवेळी शाबूत गादी फाटण्याचा धोका असतो, आणि गादीचे नुकसान पुढच्या आयुष्यात सांध्याच्या झिजेच्या रूपाने भोगावे लागते. शस्त्रक्रियेने झिजेची शक्यता पूर्णपणे टळते, असा दावा मात्र कोणी करू नये. खेळ सोडून पोहणे वा सायकल चालवणे तुम्हाला मान्य असेल आणि व्यायामानंतर गुडघा दगा देत नसेल, तर शस्त्रक्रियेविना राहणे हाही जबाबदार निर्णय ठरतो.

प्रतिसाद ३

माझी हीच शस्त्रक्रिया झालेली आहे. निर्णय घेताना त्यानंतरचा काळही हिशेबात धरा. बसवलेली कंडरा सुरुवातीला निर्जीव असते आणि तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तिचे लिगामेंट होण्यास अनेक महिने लागतात. पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे नेमके दुखणे थांबून उत्साह वाटू लागतो तेव्हाच, ती नाजूक असते. २०१६ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले. कॅलेंडरसोबत मांडीची ताकदही मोजून घ्यावी. ती निरोगी पायाच्या किमान ९० टक्के असावी, असा निकष सामान्यतः लावला जातो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुडघा अडकत नाही, मागच्या बाजूला ताण येऊन थांबतो. शस्त्रक्रियेचा निर्णय होईपर्यंत ब्रेस बांधून दुहेरीचे हलके सामने खेळता येतील का?

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)

कृपया खेळू नका. ब्रेस एमसीएलला बाजूचा आधार देतो, पण वेगाने वळताना मांडीच्या हाडाखाली नडगीचे हाड फिरते, ते तो पुरेसे रोखू शकत नाही. स्थिर सायकल, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे आणि एका पायावर तोल सांभाळणे हे व्यायाम प्रत्यक्ष देखरेखीखाली सुरू करा. पाय पूर्ण सरळ झाला आणि व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज वाढेनाशी झाली, की शल्यचिकित्सकांची पुन्हा भेट घ्या.